तोंडात पाणी, पण घशाखाली नाही: रोज्याबद्दल विचारलंस म्हणून

माझी एक जुनी विद्यार्थिनी आहे, आता पुण्यात आयटीत नोकरीला, तिचा परवा लांबलचक मेसेज आला. तिच्या टीममधली एक मुलगी रमजानचे रोजे ठेवते, तिला सोबत म्हणून हिनेही एक दिवस ठेवून बघितला. "बाई, दिवसभर नुसती भूक, दुपारपासून डोकं ठणकत होतं आणि संध्याकाळी भज्यांवर तुटून पडले. आध्यात्मिक वगैरे काहीच जाणवलं नाही. मग रोज्याचा खरा अर्थ काय? गरिबांची भूक कळावी म्हणून असतो का, की तब्येतीसाठी? आणि तिच्यासमोर मी डबा खाल्लेला चालतो का?"

आधी सांगते, मी काही आलिमा, म्हणजे धर्मशास्त्र शिकलेली, नाही. रत्नागिरी जिल्ह्यात मराठी शाळेत आयुष्यभर नोकरी केली, पन्नासच्या वर रमजान रोजे ठेवलेत आणि मोहल्ल्यातल्या मुलींना कुराण नुसतं पाठ न करता अर्थासकट शिकवते, त्या अनुभवावर तिलाच उत्तर लिहितेय.

गरिबांची भूक कळते हे खरंच आहे. पण तोच मुख्य अर्थ असता तर गरिबाला रोजा माफ असता ना. आमच्या बंदरावर पहाटे जाळं ओढायला जाणाऱ्या खलाशालाही रोजा फर्जच, म्हणजे सक्तीचाच आहे, त्याला भूक म्हणजे काय हे कुणी शिकवायला नको. आणि तब्येतीसाठी असता तर आजारी माणसाला सगळ्यात आधी सांगितला असता, प्रत्यक्षात आजारी माणसाला त्यातून सूट आहे. हल्ली लोक डिटॉक्स, इंटरमिटंट फास्टिंग असं काय काय जोडतात, जोडू देत, फायदा होत असेल तर चांगलंच आहे, पण त्यासाठी कुणी तीस दिवस पहाटे उठत नाही.

मूळ अरबी शब्द आहे सौम. रोजा हा फारसी, रोज म्हणजे दिवस त्यावरून आलेला. सौमचा अर्थ उपाशी राहणं नाही, थांबणं, स्वतःला आवरून धरणं असा आहे. कुराणातच हजरत मरियम यांची गोष्ट आहे, ईसांच्या, म्हणजे येशूंच्या, जन्मानंतर त्यांना सांगितलं जातं की कुणी माणूस दिसला तर सांग, मी आज रहमानसाठी, म्हणजे दयाळू अल्लाहसाठी, सौम मानलाय, आज मी कुणाशी बोलणार नाही. म्हणजे तिथे सौम हा बोलण्याचा आहे, खाण्याचा नाहीच, उलट त्यांना खजूर खा, पाणी पी असं सांगितलंय. हे एकदा डोक्यात बसलं ना की पुढचं सगळं सोपं जातं.

रोजे फर्ज झाले ते हिजरी सन २ मध्ये, मदिनेत, इसवी सन ६२४ च्या सुमाराला. कुराणातल्या सूरह बकरा या अध्यायाची १८३ वी आयत, म्हणजे वचन, तिचा भाव असा की ईमानवाल्यांनो, तुमच्या आधीच्या लोकांवर जसे रोजे फर्ज होते तसे तुमच्यावरही केलेत, यासाठी की तुमच्यात तकवा यावा. कारण तिथेच दिलंय आणि एकच दिलंय, तकवा. आता तकवाचं भाषांतर कुणी देवाची भीती करतं, कुणी संयम करतं, मला दोन्ही अपुरी वाटतात. तफसीरमध्ये, म्हणजे कुराणावरच्या टीकेत, एक दाखला देतात, नबी मुहंमदांचे सोबती हजरत उमर यांनी दुसरे सोबती उबई बिन काब यांना विचारलं की तकवा म्हणजे काय, तर त्यांनी उलट विचारलं, काट्यांच्या वाटेने कधी गेलायत का, मग काय केलंत? उमर म्हणाले, कपडे आवरून धरले आणि जपून चाललो. तर हाच तकवा. मी मुलींना हे सांगताना करवंदीच्या जाळीतून कसं जातो ते सांगते. ओढणी पोटाशी गोळा करायची, पाय बघून टाकायचा, करवंदं तर काढायचीच आहेत पण ओढणी फाटू द्यायची नाही. जाळीत जायचंच नाही असं कुणी म्हणत नाही. आणि ही सावधगिरी कुणी बघतंय म्हणून नसते, काटा आपल्याला लागतो म्हणून असते.

आता ही सावधगिरी रोज्यातून येते कशी, ते एका साध्या गोष्टीवरून सांगते. २०१९ चा रमजान मे महिन्यात होता, मी नुकतीच रिटायर झालेली. चांद्र वर्ष ३५४ दिवसांचं असल्यामुळे रमजान दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकतो आणि साधारण ३३ वर्षांत सगळे ऋतू फिरून येतो, त्यामुळे १९८६ साली तरुणपणी मे महिन्यात जे रोजे ठेवले होते तेच ऊन मला परत भेटलं. चौदा तासांच्या वरचा दिवस, घामाची चिकचिक, लाइट गेलेली. असरच्या, म्हणजे दुपारनंतरच्या, नमाजसाठी मागच्या पडवीत वुजू करायला, म्हणजे नमाजआधी हात-तोंड-पाय धुवायला, बसले. वुजूमध्ये तीनदा चूळ भरायची असते, रोज्यातही भरायची, फक्त जपून. घरात कुणी नाही, विहिरीचं गार पाणी ओंजळीत घेतलं, तोंडात घेतलं. जीभ, टाळू, हिरड्या सगळं ओलं झालं, घसा नुसता वाट बघत होता, पाणी आणि घसा यांत एका बोटाचं अंतर. घोटभर आत गेलं असतं तर दुनियेत कुणाला कळलं नसतं, तोंड तर ओलं असणारच होतं, शंका यायलाही जागा नाही. आणि थुंकून टाकलं. रोज्याच्या वेळेत दिवसातून दोन-तीन वेळा हे होतं, महिन्यातून कितीतरी वेळा, आणि एकदाही कुणी तपासायला येत नाही.

मला विचारशील तर रोज्याचा सगळा अर्थ त्या दोन सेकंदांत आहे. नमाज पढताना माणूस दिसतो, जकात, म्हणजे सक्तीचं दान, देताना घेणाऱ्याला कळतं, हजला गेलं की आख्खा गाव सोडायला येतो. रोजा मात्र दिसतच नाही. तुझ्या टीममधली मुलगी खरंच रोज्यात आहे की बाथरूममध्ये जाऊन पाणी प्याली हे तुला कधीच कळणार नाही, ते तिला आणि अल्लाहलाच माहीत. म्हणूनच हदीसमध्ये, म्हणजे नबींच्या सांगण्यात, आहे, अल्लाह म्हणतो की आदमच्या मुलाचं प्रत्येक काम त्याच्यासाठी आहे पण रोजा माझ्यासाठी आहे आणि त्याचा मोबदला मीच देईन. किती पट देणार तो आकडाही तिथे सांगितलेला नाही. आम्ही कोकणी मुसलमान बहुतेक शाफई परंपरेचे, आमच्यात रमजानच्या रोज्याची नीयत रोजच्या रोज रात्रीच, फजरच्या, म्हणजे पहाटेच्या नमाजच्या, आधी करावी लागते, महिन्याची एकदम करून चालत नाही. नीयत म्हणजे मनातला ठराव, तोंडाने बोलायचीही सक्ती नाही. म्हणजे सुरुवातही कुणाला न दिसणारी. आणि याचीच दुसरी बाजू, विसरून काही खाल्लं-प्यायलं तर रोजा मोडत नाही, नबींनी सांगितलंय की त्याने रोजा पूर्ण करावा, त्याला अल्लाहनेच खाऊ-पिऊ घातलं. दादी आम्हाला लहानपणी म्हणायची, विसरून प्यालीस ना, मग ते पाहुणचाराचं पाणी, रडायचं नाही.

अजून एक लक्षात घे, रोज्यात आपण जे सोडतो ते सगळं हलाल, म्हणजे एरवी परवानगी असलेलं, असतं. पाणी हलाल, भाकरी हलाल, नवरा-बायकोचा संबंध हलाल. जे वाईट आहे ते तर बारा महिने सोडलेलंच असलं पाहिजे. मग हलाल कशाला सोडायचं? कारण जो माणूस स्वतःच्या घरातलं, स्वतःच्या कष्टाचं, पूर्ण हक्काचं पाणी कुणीतरी सांगितलं म्हणून मगरिबपर्यंत, म्हणजे सूर्यास्तापर्यंत, बाजूला ठेवू शकतो, त्याला दुसऱ्याचं काही बाजूला ठेवणं जड जायला नको. हे मी माझ्या मनाने नाही सांगत. बकरामध्ये १८३ ते १८७ या आयतींत रोज्याचे नियम आहेत आणि लगेच १८८ वी येते, एकमेकांचा पैसा गैरमार्गाने खाऊ नका आणि हाकिमांकडे प्रकरण नेऊन लोकांचा माल जाणूनबुजून गिळू नका. मधे काही नाही, थेट रोज्यानंतर हे. मी मुलींना इथे नेहमी थांबवते. महिनाभर रोजे ठेवले आणि बहिणीचा जमिनीतला हिस्सा तसाच दाबून ठेवला, तर त्या माणसाचा रोजा १८७ व्या आयतीपर्यंत आला आणि तिथेच अडला. आमच्या भागात आंब्याच्या कलमांवरून भावाबहिणींत काय काय चालतं ते तुला सांगायला नको.

जिभेचा रोजा सगळ्यात कठीण, हे मात्र अनुभवानेच कळतं. नबींचं स्पष्ट सांगणं आहे, ज्याने खोटं बोलणं आणि खोटं वागणं सोडलं नाही त्याने खाणंपिणं सोडावं याची अल्लाहला काही गरज नाही. आणि कुणी भांडायला आलं, शिवी दिली तर म्हणावं, मी रोज्यात आहे. हे वाक्य समोरच्याला ऐकवायचं की स्वतःला यावर उलेमांनी, म्हणजे धर्मपंडितांनी, बरंच लिहिलंय, मी म्हणते आधी स्वतःला. तुमच्यानंतरच्या एका बॅचला एक मुलगा होता, रमजानचा शेवटचा आठवडा, शेवटचा तास, त्याने तिसऱ्यांदा गणित चुकवलं आणि मी पट्टी मारली. जोरात. त्याने हात मागे घेतला नाही, नुसता माझ्याकडे बघत राहिला. माझ्या रोज्याचं नियमाने काहीच बिघडलं नव्हतं, अन्नाचा कण पोटात गेला नव्हता, कुणालाही विचारलं असतं तर रोजा झाला म्हणाले असते. पण त्या संध्याकाळी खजूर तोंडात घेतला आणि तो नुसता गोल फिरत राहिला, गिळवेना. दुसऱ्या दिवशी वर्गात सगळ्यांसमोर त्याची माफी मागितली, मारलं सगळ्यांसमोर होतं म्हणून. एक हदीस आहे, कित्येक रोजेदारांना रोज्यातून भुकेशिवाय काही मिळत नाही आणि रात्री उभं राहणाऱ्या कित्येकांना जागरणाशिवाय काही मिळत नाही. त्याआधी मी ती दुसऱ्यांना ऐकवायचे.

गीबत म्हणजे पाठीमागे वाईट बोलणं, त्याला तर कुराणात मेलेल्या भावाचं मांस खाण्याची उपमा दिलीय. इफ्तारची, म्हणजे संध्याकाळी रोजा सोडण्याची, तयारी करत चार बायका बसल्या की कुणाची सून काय करते हे निघतंच, मग दिवसभर हलाल मटण बाजूला ठेवून आपण हे कसलं मांस खातोय याचा विचार करायला हवा. मी अशा वेळी उठून भांडी घासायला जाते, दुसरा उपाय मला सापडला नाही.

इमाम गझाली, ११११ साली वारलेले इराणातल्या तूसचे मोठे आलिम, त्यांनी रोज्याच्या तीन पायऱ्या सांगितल्यात. पहिला सर्वसाधारण रोजा, पोट आणि वासना आवरणं. दुसरा खास लोकांचा, डोळे, कान, जीभ, हात, पाय सगळ्यांचा. तिसरा त्याहून खास, ज्यात मनही अल्लाहशिवाय दुसऱ्या कशात गुंतत नाही, तो नबींचा आणि सिद्दीकांचा, म्हणजे अगदी सच्च्या ईमानवाल्यांचा. तिसऱ्याबद्दल मी बोलणं बरोबर नाही. आमच्यासारख्यांची सगळी धडपड पहिल्यातून दुसऱ्यात जाण्याची, आणि त्यातही आज जमलं तर उद्या नाही. पण गझालींनी एक अगदी व्यवहारातली गोष्ट लिहिलीय जी तुझ्या भज्यांना लागू पडते. ते म्हणतात, इफ्तारला दिवसभराचं राहिलेलं सगळं भरून काढलं, रमजानमध्ये बाकीच्या अकरा महिन्यांत होत नाहीत इतके पदार्थ झाले, तर रोज्याचा हेतूच गेला, वासना मोडायच्या ऐवजी उपाशी ठेवून त्या अजून तापवल्या. आपल्याकडे एकादशी दुप्पट खाशी म्हणतात तेच. नऊशे वर्षांपूर्वी तूसमध्ये जे होत होतं तेच आज मुंबईत मोहम्मद अली रोडवर होतं आणि माझ्या स्वयंपाकघरातही होतं. आमच्या घरी मी एक नियम केलाय, खजूर, पाणी, एखादं फळ आणि मग रोजचं जेवण, तळण फक्त जुम्म्याला, म्हणजे शुक्रवारी. पहिल्या वर्षी मुलं कुरकुरली, आता शेजारीही तसंच करायला लागलेत.

आता तुझा मुख्य मुद्दा, आध्यात्मिक काही जाणवलं नाही. त्या १८३ ते १८७ मध्ये बरोबर मधे, रोज्याचे नियम चालू असताना एक आयत अशी येते जिचा वरवर बघितलं तर रोज्याशी संबंधच दिसत नाही, १८६ वी. माझे बंदे तुम्हाला माझ्याबद्दल विचारतील तर मी जवळच आहे, हाक मारणारा मला हाक मारतो तेव्हा मी त्याला उत्तर देतो. व्याकरण शिकवलंय मी आयुष्यभर म्हणून ही रचना मला फार आवडते. कुराणात ठिकठिकाणी 'ते तुम्हाला अमुक विचारतात, सांगा' असं येतं, चंद्राबद्दल विचारतात, सांगा, काय खर्च करावा विचारतात, सांगा. इथे तो 'सांगा' नाहीच. प्रश्न नबींना विचारलाय आणि उत्तर अल्लाहने मधे कुणालाच न ठेवता स्वतः दिलंय, मी जवळच आहे. आणि ही आयत बाकी कुठे नाही, रोज्याच्या नियमांच्या पोटात ठेवलीय. तुला मराठी शिकवताना मी उपवास शब्द फोडून दाखवला होता, आठवतंय का, उप म्हणजे जवळ आणि वास म्हणजे राहणं. वेगळा धर्म, वेगळी भाषा, पण मला पहिल्यांदा हे दोन्ही शेजारी दिसले त्या दिवशी बराच वेळ काही सुचलं नव्हतं.

जवळ असणं जाणवतं कसं? भुकेने नाही जाणवत. भूक फक्त जागा मोकळी करते. दिवसातून पन्नास वेळा आपण काही ना काही तोंडात टाकत असतो, चहा, बिस्कीट, नुसता कंटाळा आला म्हणून शेंगदाणे, रोज्यात प्रत्येक वेळी हात पुढे जातो आणि आठवतं, अरे, रोजा आहे. का आहे? कुणासाठी आहे? ती आठवण म्हणजेच जिक्र. एका दिवसात ते कळायचं नाही, पहिले तीन-चार दिवस माझंही डोकं दुखतं, चहाची सवय असेल तर जास्तच. साधारण दहाव्या रोज्यानंतर ती आठवण भुकेपासून सुटी होते, भूक लागलेली नसतानाही येते.

इथे एक गोष्ट जी मला फार उशिरा कळली. काही वर्षांपूर्वी शुगर वाढली, इन्सुलिन सुरू झालं आणि डॉक्टरने रमजानच्या आधीच सांगितलं की रोजे बंद. मी ऐकलं नाही, पहिले दोन ठेवले, तिसऱ्या दिवशी दुपारी शुगर उतरली आणि स्वयंपाकघरात खाली बसले ती उठताच येईना. मुलाने साखरपाणी पाजलं. मी रडत होते, शुगरसाठी नाही, रोजा गेला म्हणून. मग आमच्या मौलानांनी निरोप पाठवला की बाई, १८५ वी आयत तुम्हीच तर पोरींना शिकवता. अल्लाहला तुमच्यासाठी सोय हवीय, त्रास नको. नबी एकदा प्रवासात होते, एका माणसाभोवती गर्दी, त्याच्यावर सावली धरलेली, विचारलं काय झालं, तर म्हणाले रोजेदार आहे. नबी म्हणाले, प्रवासात असा रोजा ठेवणं ही काही नेकी नाही. तेव्हा समजलं की दोन दिवस मी अल्लाहचं नाही, माझ्या सवयीचं आणि 'बाईंचा एक रोजा चुकत नाही' या नावाचं ऐकत होते. त्या वर्षापासून फिदिया देते, प्रत्येक रोज्यामागे एका गरिबाचं जेवण. म्हणजे मघाशी पन्नासच्या वर रमजान म्हटलं ते त्याच्या आधीपर्यंतचे. सकाळी नऊला गोळी घेऊन भाकरी खाताना आधी लाज वाटायची, आता बिस्मिल्ला म्हणून खाते, हुकूम आधीही त्याचाच होता आणि आताही त्याचाच आहे. पाळीत, बाळंतपणात बायकांना रोजा ठेवायचाच नसतो, पुढे कजा करायचे, म्हणजे नंतर भरून काढायचे असतात, तेव्हाही हेच लागू. ईदच्या दिवशी तर कितीही धडधाकट माणूस असला तरी रोजा हराम आहे, त्या दिवशी खाणं हीच इबादत. सेहरी, म्हणजे पहाटेचं खाणं, सोडून कडक रोजा करण्यात मोठेपणा नाही, सेहरी करा, तिच्यात बरकत आहे असं सांगितलंय, आणि सूर्य मावळला की उशीर न करता रोजा सोडायचा.

शेवटचे दहा दिवस, मशिदीत राहून करायचा एतकाफ, हजार महिन्यांहून श्रेष्ठ म्हटलेली शबे कद्रची रात्र, ते सगळं वेगळं कधीतरी लिहीन. फितरा, म्हणजे ईदचं दान, मात्र आठवणीने सांगते, तो ईदच्या नमाजच्या आधीच पोचला पाहिजे म्हणजे ज्याच्या घरात काही नाही त्याच्याकडेही त्या सकाळी शेवया शिजतील.

तर परत कधी ठेवावासा वाटला तर पहाटे नीट खा, पाणी पी, आणि दिवसभरासाठी जिभेची एकच गोष्ट ठरव, उदाहरणार्थ ऑफिसमध्ये कुणाबद्दल मागे बोलणार नाही. संध्याकाळी अजानच्या आधीची पाच मिनिटं मोबाइल बाजूला ठेव. ताट समोर असतं, खजूर हातात असतो, कुणी बोलत नाही, आणि तरी कुणीही खात नाही. त्या वेळेची दुआ परत जात नाही म्हणतात. आमच्याकडे तेव्हा लहान पोरंसुद्धा गप्प होतात.

आणि डबा खुशाल खा, तिच्यासमोरच खा, लपूनबिपून खाऊ नकोस, तिला उगाच अवघडल्यासारखं होईल. काही करावंसंच वाटलं तर एखाद्या संध्याकाळी तिचा रोजा तू सोडव, रोजेदाराला इफ्तार देणाऱ्यालाही तितकाच सवाब, म्हणजे पुण्य, आहे असं नबींनी सांगितलंय. पाव किलो खजूर पुरे, फक्त घेताना एक फोडून बघ, आत कोरडा असला तर दुसरा घे.